डेकार्ड माणूसच असला पाहिजे

'ब्लेड रनर' या चित्रपटाचा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच प्रश्नापाशी येऊन अडते: त्याचा नायक रिक डेकार्ड आईच्या पोटी जन्मलेला माणूस आहे, की टायरेल कंपनीने घडवलेला 'रेप्लिकंट', म्हणजे कृत्रिम माणूस? चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला, त्याची कथा ज्या काळात घडते तो नोव्हेंबर २०१९सुद्धा मागे पडला, तरी हा वाद मिटलेला नाही. तो मिटला नाही याबद्दल माझी तक्रार नाही; तक्रार आहे ती तो ज्या रीतीने घातला जातो तिच्याबद्दल. एक बाजू डोळ्यांतली चमक, कागदी प्राणी आणि पियानोवरच्या जुन्या छायाचित्रांचे पुरावे गोळा करते, दुसरी बाजू त्यांतला एकेक पुरावा खोडून काढते, आणि आपण जणू हरवलेला जन्मदाखला शोधत आहोत अशा थाटात दोघेही बोलतात. तिसरा एक गट 'शेवटी फरक काय पडतो?' असे म्हणून दोघांकडेही वरून पाहतो. या तिघांशीही माझे पटत नाही. डेकार्ड माणूसच आहे असे मी मानतो, पण त्याचा मान राखण्यासाठी नाही. त्याचे माणूस असणे हा चित्रपटाने त्याच्यावर ठेवलेला आरोप आहे, आणि त्याला रेप्लिकंट ठरवणारे लोक नकळत त्याला, आणि त्याच्या आडून आपल्यालाही, त्या आरोपातून सोडवून घेतात.

चित्रपटाच्या आरंभीच सांगितले जाते की नेक्सस-६ जातीचे रेप्लिकंट ताकदीने आणि चपळाईने माणसापेक्षा सरस आहेत, बुद्धीने निदान त्यांना घडवणाऱ्या अभियंत्यांच्या तोडीचे आहेत, आणि परग्रहांवरच्या वसाहतींत त्यांना गुलाम म्हणून राबवले जाते. एका रक्तरंजित बंडानंतर पृथ्वीवर त्यांना बंदी झाली. सापडेल तो रेप्लिकंट ठार करायचा, आणि ते काम 'ब्लेड रनर' म्हणवणाऱ्या पोलिसांचे. त्यांचे आयुष्य चार वर्षांचेच ठेवलेले आहे. गुलामगिरीचा हा संदर्भ कोणा समीक्षकाने मागाहून चिकटवलेला नाही. डेकार्डचा वरिष्ठ ब्रायंट रेप्लिकंटांसाठी एक हेटाळणीचा शब्द वापरतो, आणि १९८२च्या आवृत्तीतले डेकार्डचे निवेदन तिथल्या तिथे सांगते की इतिहासाच्या पुस्तकांत काळ्या माणसांना शिवी देऊन बोलावणारे पोलीस असत, त्यांच्यातलाच हा एक. म्हणजे या कथेत 'जन्मलेला की घडवलेला' या प्रश्नाचा पहिला अर्थ 'मालकांपैकी की मालमत्तेपैकी' असा आहे. वाद घालणारे बहुतेक लोक नेमके हेच विसरतात आणि एका सामाजिक प्रश्नाला कोड्याचे रूप देतात.

कोडे म्हणूनही ते किती कच्चे आहे याचा एक मासला पाहण्यासारखा आहे. १९८२च्या आवृत्तीत ब्रायंट सांगतो की सहा रेप्लिकंट पळून आले आणि त्यांतला एक विजेच्या कुंपणात जळून मेला. उरले पाच, पण डेकार्डपुढे नावे येतात चौघांचीच, रॉय, लिऑन, झोरा आणि प्रिस. मग हा पाचवा कोण? तो डेकार्डच, असा सिद्धांत वर्षानुवर्षे मोठ्या गांभीर्याने मांडला गेला. प्रत्यक्षात पटकथेत आणखी एक स्त्री-रेप्लिकंट होती, तिची भूमिका चित्रीकरणाच्या काळात कापली गेली, आणि संवादातला आकडा दुरुस्त करायचा राहून गेला. २००७च्या अंतिम आवृत्तीत ब्रायंट 'दोन जळाले' असे म्हणतो आणि हिशेब जुळतो. संकलनातल्या हलगर्जीपणावर ज्यांनी इमला उभारला त्यांचा विश्वास तरीही ढळला नाही, हे मला त्या सिद्धांतापेक्षा अधिक उद्बोधक वाटते.

तरीही समोरच्या बाजूचे खरे बळ मान्य केले पाहिजे, कारण ते कमी नाही. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी २००० साली एका माहितीपटात डेकार्ड रेप्लिकंट असल्याचे स्पष्ट सांगितले. वर्षानुवर्षे उलट बाजू लढवणारे हॅरिसन फोर्ड यांनीही २०२३ साली म्हटले की आपण रेप्लिकंट आहोत हे आपल्याला माहीतच होते, आपण फक्त त्याला विरोध करत होतो. पण या दोन साक्षींपेक्षाही चित्रपटाच्या रचनेतला एक पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. टायरेल कंपनीतली रेचल आपण माणूस असल्याचे सांगायला डेकार्डच्या घरी येते, तेव्हा तो तिला खिडकीबाहेरच्या कोळ्याची गोष्ट ऐकवतो, जी तिने कधी कोणाला सांगितलेली नाही. कारण ती आठवण तिची नसून कंपनीचा मालक टायरेल याच्या भाचीची आहे आणि तिच्या मेंदूत भरलेली आहे. १९९२च्या आवृत्तीत पियानोपाशी बसलेल्या डेकार्डला युनिकॉर्नचे, म्हणजे एकशिंगी घोड्याचे, स्वप्न पडते, आणि शेवटी त्याच्या दारात त्याचा पोलीस सहकारी गॅफ याने कागद दुमडून केलेला युनिकॉर्न पडलेला असतो. कोळी डेकार्डला ठाऊक, युनिकॉर्न गॅफला ठाऊक. ही जुळणी अपघाताने झालेली नाही आणि ती नाकारणारा प्रतिवादी प्रामाणिक नाही. रेचल डेकार्डला विचारते की रेप्लिकंट ओळखण्याची चाचणी तू स्वतः कधी दिली आहेस का, आणि तो उत्तर देत नाही, हेही खरेच.

पण या साक्षीपुराव्यांचे मोल किती? दिग्दर्शकाचा शब्द प्रमाण मानायचा तर पटकथाकार हॅम्प्टन फँचर यांचे काय करायचे, ज्यांना प्रश्न अनिर्णित ठेवणेच पसंत आहे? आणि फिलिप के. डिक यांचे काय, ज्यांच्या १९६८च्या कादंबरीतला डेकार्ड निःसंशय माणूस आहे? डिक मार्च १९८२ मध्ये, चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच वारले. त्यांना साक्षीला बोलावण्याची सोय नाही. चित्रपटाच्या आवृत्त्यांतही एकवाक्यता नाही. १९८२ साली निर्मात्यांच्या आग्रहाखातर निवेदन आले, हिरव्या डोंगरांतून गाडीने निघून जाण्याचा गोड शेवट आला (त्यातली हवाई दृश्ये कुब्रिकच्या 'द शायनिंग'साठी चित्रित होऊन वापरली न गेलेली होती, हे कळल्यावर तो गोडवा आणखीच उसना वाटतो). १९९२ साली दोन्ही गेले आणि युनिकॉर्नचे स्वप्न आले. कागदी युनिकॉर्न मात्र १९८२च्या प्रेक्षकांनीही पाहिला होता, आणि त्यांना त्याचा अर्थ सरळ लागला होता: गॅफ इथवर येऊन गेला, रेचलला मारू शकत होता, आणि त्याने तिला सोडून दिले. म्हणजे जो पुरावा निर्णायक म्हणून सांगितला जातो त्याचा अर्धा भाग दहा वर्षांनी जोडलेला आहे. १९९२ नंतरच्या आवृत्तीत दिग्दर्शकाचे बोट कुठे रोखलेले आहे हे मी अमान्य करत नाही. प्रश्न एवढाच की बाकीची कथा त्या दिशेने जाते का.

डोळ्यांच्या पुराव्याचे मात्र मला नवल वाटते. रेचल, प्रिस, टायरेलचे कृत्रिम घुबड, या सर्वांच्या डोळ्यांत मधूनच तांबूस चमक दिसते आणि एका दृश्यात ती डेकार्डच्याही डोळ्यांत दिसते. दिसते ती आपल्याला. पात्रांपैकी कोणालाही ती दिसत नाही. दिसत असती तर बाहुलीचा आकार आणि चेहऱ्यावरची लाली मोजणारे ते यंत्र, ते वीस-तीस प्रश्न आणि रेचलच्या बाबतीत शंभराहून अधिक प्रश्न विचारण्याचा खटाटोप कोणी कशाला केला असता? ही चमक प्रकाशयोजनेतली आहे, आणि तिच्यावरून जात ठरवायला बसणारा प्रेक्षक फार जुन्या सवयीत सापडलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२५ साली र्‍हाइनलँडर खटला चालला. एका धनाढ्य घराण्यातल्या तरुणाने आपल्या पत्नीने तिचा कृष्णवर्णीय वारसा लपवून लग्न केले असा दावा लावला होता, आणि त्या बाईला ज्यूरीपुढे अंगावरचे कपडे उतरवून कातडीचा रंग दाखवावा लागला. ज्यूरीने निकाल तिच्या बाजूने दिला, पण तपासणी व्हायची ती झाली. त्याच्या आदल्या वर्षी व्हर्जिनियाने कायदा करून गौरवर्णीयाची व्याख्या रक्ताच्या थेंबापर्यंत नेली होती. लपलेले मूळ कुठल्या तरी शारीरिक खुणेवरून उघड होईल ही आशा त्या काळी न्यायालयात बसत असे. ज्या चित्रपटाने ही तपासणी किती क्रूर आहे हे दाखवले त्याचेच चाहते पडदा गोठवून नायकाचे डोळे तपासतात, याला काय म्हणावे?

आता मुख्य मुद्दा. चित्रपटाचा कळस म्हणजे पावसातल्या छपरावरचा प्रसंग. डेकार्ड तुळईला लटकलेला आहे, बोटे सुटत आहेत, आणि वर उभा असलेला रॉय बॅटी त्याला सांगतो की भीतीखाली जगणे म्हणजे काय ते आता तुला कळले, गुलाम असणे म्हणतात ते हेच. त्यानंतर तो ज्याने आपल्या साथीदारांना मारले त्याच माणसाला वर खेचतो आणि स्वतः मरतो. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? ज्याला गुलामीचा अनुभव नाही, त्याला. मालकाच्या बाजूचा एक जण प्रथमच गुलामाच्या जागी लटकलेला आहे आणि गुलाम त्याला ती जागा समजावून देऊन, सूड न घेता, परत उभा करतो. डेकार्ड रेप्लिकंट मानला तर हा प्रसंग एका बंदिवानाने दुसऱ्या बंदिवानाला दिलेला हात उरतो. सुंदर, पण निराळा आणि पुष्कळ लहान. यावर कोणी म्हणेल की उलट त्यातला उपरोध गहिरा होतो, कारण डेकार्ड स्वतःच गुलाम आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. युक्तिवाद चतुर आहे. पण तो उपरोध शेवट ठाऊक असलेल्या प्रेक्षकालाच, तोही दुसऱ्या खेपेला, मिळतो, आणि त्याची किंमत म्हणून रॉयच्या कृतीतले औदार्य जाते. शत्रूला जीवदान देणे आणि आपल्यातल्याच एकाला वाचवणे, यांतले अंतर एका चमत्कृतीसाठी सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

रेप्लिकंट-सिद्धांताने दुसरे जे हातचे जाते ते याहून मोठे आहे: जबाबदारी. डेकार्ड झोराला गर्दीच्या रस्त्यावर पाठीत गोळ्या घालतो आणि ती एकामागून एक काचा फोडत कोसळते. पुढे तो रेचलचा बाहेर जाण्याचा रस्ता अडवतो, तिला आत ढकलतो आणि तिच्याकडून होकार वदवून घेतो. हा प्रसंग आज पाहताना अवघडायला होते आणि अवघडायलाच हवे. हे सारे घडवलेल्या, आठवणी भरलेल्या, या कामासाठीच जुळवलेल्या यंत्राने केले असेल तर दोष कोणाचा? टायरेलचा, ब्रायंटचा, व्यवस्थेचा. त्याचा मात्र नाही. त्याला वेगळे काही करताच येत नव्हते. हा बचाव आपण ऐकलेला आहे. जेरुसलेममध्ये १९६१ साली नाझी अधिकारी आइशमनने स्वतःला मोठ्या यंत्रणेतला हुकूम पाळणारा क्षुल्लक भाग म्हणवून घेतले, आणि न्यायालयाने ते मानले नाही. माणसाला यंत्र ठरवणे ही त्याची निंदा वाटते, पण आरोपीच्या पिंजऱ्यात तीच त्याची ढाल होते.

हे उदाहरण मी उगाच ओढून आणलेले नाही. या कथेची कल्पना आपल्याला कशी सुचली हे डिक यांनीच सांगितले आहे. नाझी राजवटीवरच्या एका आधीच्या कादंबरीसाठी बर्कलीच्या विद्यापीठात कागदपत्रे वाचत असताना पोलंडमध्ये नेमलेल्या एका नाझी अधिकाऱ्याची दैनंदिनी त्यांच्या हाती आली. भुकेल्या मुलांच्या रडण्याने रात्री झोप लागत नाही अशी तक्रार तिच्यात होती. माणसासारखे दिसणारे पण आतून काहीतरी हरवलेले प्राणी म्हणजे काय, हा विचार डिक यांच्या मनात तिथून सुरू झाला. ज्याने तो सुचवला तो कारखान्यात घडलेला नव्हता. कादंबरीतला फिल रेश हाही असाच: हा शिकारी इतका थंडपणे मारतो की तो स्वतः अँड्रॉइड, म्हणजे कृत्रिम माणूस, असणार अशी डेकार्डची जवळजवळ खात्री पटते, आणि चाचणी सांगते की तो माणूस आहे. डेकार्डच्या पायाखालची जमीन सरकते ती या उत्तराने. 'हा यंत्रच निघाला' या उत्तराने कोणाचीच झोप उडत नाही. सगळे उलगडते आणि आपण निर्धास्त होतो.

तिसऱ्या गटाचे म्हणणे उरते, आणि त्यातले निम्मे मला पूर्ण मान्य आहे. मूळ कसे यावरून मोल ठरत नाही. चित्रपट येण्याच्या चारच वर्षे आधी, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये शरीराबाहेर गर्भधारणा झालेले पहिले मूल जन्मले आणि 'नैसर्गिक' या कल्पनेला हादरा बसला; १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून तशीच मुलगी जन्मली तेव्हा आपल्याकडेही 'टेस्ट ट्यूब बेबी' हे शब्द कुतूहलाने आणि थोड्या धास्तीने उच्चारले गेले. आज त्या मुलांना कोणी वेगळे मानत नाही. तेव्हा रेप्लिकंटही पूर्ण अर्थाने व्यक्तीच आहेत, याबद्दल माझा वाद नाही. पण 'मोल सारखेच' यावरून 'कथेत फरक पडत नाही' हे निघत नाही. मळ्यावरचा गोरा मुकादम आणि त्याच्या चाबकाखालचा मजूर यांचे माणूस म्हणून मोल एकच होते. म्हणून कोणाच्या हातात चाबूक होता हे विचारूच नये काय? समतेचे तत्त्व पुढे करून सत्तेचा हिशेब पुसून टाकणे हा प्रकार आपल्या सार्वजनिक जीवनात इतका बोकाळला आहे की तो विज्ञानपटाच्या चर्चेत शिरला याचे आश्चर्य वाटू नये.

शिकारीच सावजांच्या जातीचा असावा, ही कल्पना टाकाऊ आहे असेही मी म्हणत नाही. तिच्यावर एक संपूर्ण चित्रपट निघाला: डेनी व्हिलनव्ह यांचा २०१७चा 'ब्लेड रनर २०४९'. त्यातला 'के' नावाचा ब्लेड रनर रेप्लिकंट आहे हे कोड्यात न ठेवता सुरुवातीलाच उघड केले जाते, आणि त्याचे मन तेवढ्यानेच अधिक मोकळेपणाने पाहता येते. पुढे रेचलच्या पोटी मूल झाले होते हे उघडकीला येते आणि ते मूल आपणच असू असे 'के'ला वाटू लागते. आपल्याला ही वाट ओळखीची आहे. महाभारतात शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कर्णाला कुळ विचारले जाते, अपमान होतो, आणि पुढे कथा त्याला कुंतीचा पुत्र ठरवून एक प्रकारे भरपाई करते; पण त्या भरपाईत कुळाचे महत्त्व अबाधितच राहते. २०४९मध्ये ही भरपाई नाकारली आहे. के जन्मलेला नाही, ते मूल दुसरेच आहे, एक मुलगी. आणि हे कळल्यानंतर, काही मिळण्यासारखे उरले नसताना, तो डेकार्डला तिच्यापर्यंत पोहोचवतो. घडवलेल्याची थोरवी अशी सरळ दाखवता येते. तिच्यासाठी डेकार्डला मागाहून रेप्लिकंट करावे लागत नाही.

किंबहुना त्या दुसऱ्या चित्रपटालाच डेकार्ड माणूस असण्याची सर्वांत जास्त गरज आहे. त्यातला उद्योगपती वॉलेस डेकार्डला डिवचतो की रेचलच्या प्रेमात पडण्यासाठीच तुला घडवले असेल तर? दिग्दर्शक उत्तर देत नाही, पण वॉलेसला काय हवे आहे ते स्पष्ट आहे: प्रसवणारे रेप्लिकंट, म्हणजे आपोआप वाढणारी मालमत्ता. डेकार्ड आणि रेचल दोघेही घडवलेले असतील तर त्यांची मुलगी हा एका यशस्वी प्रयोगाचा निकाल आहे आणि वॉलेसने फक्त त्याची कृती मिळवायची आहे. डेकार्ड माणूस असेल तर ती मुलगी स्वतंत्र बाप आणि मालकीची आई यांचे अपत्य आहे, आणि मग तिला कोणत्या बाजूला धरायचे हा प्रश्न कायद्याच्या दारात उभा राहतो. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिसभेपुढे १६६२ साली अगदी हाच प्रश्न होता: इंग्रज पुरुषापासून काळ्या स्त्रीला झालेले मूल स्वतंत्र की गुलाम? इंग्रजी रूढीप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. सभेने ती रूढी उलटवली आणि मूल आईच्या स्थितीप्रमाणे ठरेल असा कायदा केला, कारण त्यात मळेवाल्यांचा फायदा होता. टायरेलच्या आणि वॉलेसच्या जगात असा कायदा अजून झालेला नाही; डेकार्डला रेप्लिकंट ठरवले, तर तो करण्याची गरजही उरत नाही.